गुपित भिंतीवर, आळ माणसावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कंपन्यांची गुपिते नोकरी सोडून जाणारी माणसे पळवतात आणि त्यावर इलाज म्हणजे कडक करार, असा सूर असलेला एक लेख गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचला. लेखकाचा कायद्याचा अभ्यास चांगला दिसतो. पण आयुष्याची अठ्ठावीस वर्षे प्लेटिंगच्या टाक्यांशेजारी काढल्यामुळे असेल, तो लेख वाचताना माझ्या डोळ्यांसमोर राहून राहून एक भिंत येत होती. तिच्याविषयी आधी सांगतो.

मी एका लहान कारखान्यात सुपरवायझर होतो. जस्ताच्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या, भागांवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायचे आमचे काम. या कामातले दुखणे एकच, मुलाम्याला येणारे फोड. तपासणीसाठी भाग ओव्हनमध्ये तापवून लगेच थंड पाण्यात टाकायचा; मुलामा कच्चा असेल तर दाण्याएवढे फोड वर येतात आणि अख्खा लॉट परत. निकेलच्या टाकीत काय असते यात गुपित काहीच नाही. निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक ॲसिड ही वॉट्स साहेबांची पाककृती १९१६ पासून जगजाहीर आहे आणि धंद्यातल्या कोणत्याही पुस्तकात प्रमाणासह सापडते. खरी गोम त्याच्या आधीच्या टप्प्यांत. तेलकटपणा किती काढायचा, सौम्य ॲसिडमध्ये भाग किती सेकंद बुडवायचा, तांब्याचा पहिला थर कोणत्या करंटवर द्यायचा. ॲसिडमध्ये भाग जरा जास्त राहिला तर खालचे जस्तच खाल्ले जाते, कमी राहिला तर वरचा थर धरत नाही.

आमचे गणित जमायला दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षातला प्रत्येक फसलेला प्रयोग आम्ही एका लाल वहीत लिहून ठेवला होता. कोणता क्लीनर चालला नाही, कोणत्या तापमानाला काय बिघडले, सगळे त्यात होते. माझ्या मते जमलेल्या आकड्यांपेक्षाही ती वही मोलाची होती, कारण ती हाती पडणाऱ्या माणसाची दीड वर्षे वाचणार होती. काय केल्याने काम होत नाही हे कळणे हेही व्यवसायाचे गुपित असू शकते, ही गोष्ट पुष्कळ मालकांच्या गावीही नसते.

पुढे एका मोठ्या ग्राहकाची माणसे ऑडिटला येणार होती. प्रत्येक टाकीजवळ कामाची पद्धत लावलेली हवी, असा त्यांचा आग्रह. मी रात्री बसून सेकंद, तापमान, करंट, सगळे सुबक टाइप केले, लॅमिनेट केले आणि टाक्यांमागच्या भिंतीवर ओळीने लावले. ऑडिट उत्तम झाले. कागद मात्र भिंतीवरच राहिले. त्यांच्यासमोरून केमिकल विकणारे गेले, ट्रकचे ड्रायव्हर गेले, ग्राहकांची माणसे मोबाइल हातात धरून गेली. हटकले कोणालाच नाही.

वर्षभराने दुसऱ्या एका कारखान्यातून आमच्यासारखाच माल बाजारात आला. आमचा एक ऑपरेटर तीनच महिन्यांपूर्वी तिकडे कामाला लागला होता. झाले! मालकांनी त्याला चोर ठरवले आणि वकील गाठला. वकिलाने शांतपणे तीन प्रश्न विचारले. हे गुपित आहे असे कुठे लिहून ठेवले होते का? ते नेमके कोणाकोणाला माहीत होते? आणि ते जपण्यासाठी तुम्ही स्वतः काय केले? मालक माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. भिंतीवरच्या कागदांचे त्या बैठकीत मी बोललो नाही. दोन आठवड्यांनी सांगितले, पण तोवर नोटीस गेली होती आणि तिच्या धसक्याने नव्या मालकाने त्या ऑपरेटरला घरी बसवले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला प्रकार. आणि चोर तरी होता का? ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

वकिलाचे ते तीन प्रश्न त्याच्या पदरचे नव्हते, हे मला पुष्कळ नंतर समजले. जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेविषयीचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ पासून अमलात आहे. त्याचे ३९वे कलम व्यवसायाच्या गुपितांसाठीच आहे. माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सर्रास ठाऊक नसावी, ती गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी किंमत असावी आणि ती गुप्त राहावी म्हणून तिच्या धन्याने परिस्थितीनुसार वाजवी काळजी घेतलेली असावी. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच संरक्षण. देशोदेशीचे कायदे शब्द बदलून साधारण हेच म्हणतात. पहिल्या दोन अटी आमच्याकडे पुऱ्या होत होत्या. तिसरी मी लॅमिनेट करून भिंतीला चिकटवली होती.

आपल्या लेखकाने पेटंट आणि गुपित यांतला फरक दोन ओळींत उरकला आहे. तिथे थोडे थांबायला हवे होते. पेटंट घ्यायचे तर युक्ती जगापुढे उघडी करावी लागते. बदल्यात साधारण वीस वर्षांची मक्तेदारी मिळते आणि मग ती सर्वांची होते. गुपिताला नोंदणी नाही, मुदत नाही. पण दुसऱ्या कोणी स्वतःच्या डोक्याने तेच शोधले, किंवा बाजारातून तुमची वस्तू विकत घेऊन, ती उलगडून युक्ती ओळखली, तर सहसा तुम्हाला हूं की चूं करता येत नाही. आणि एकदा षट्कर्णी झाले की संपले, मग कोर्टही ते परत झाकून देऊ शकत नाही.

हेन्री बेसेमर हे नाव पोलादामुळे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधी १८४०च्या दशकात या गृहस्थाने ब्राँझची सोनेरी पूड यंत्रावर बनवायची युक्ती काढली. तोवर ती पूड हाताने कुटली जायची आणि भलतीच महाग असायची. बेसेमरने यंत्राचे सुटे भाग वेगवेगळ्या गावांतल्या कारागिरांकडून करवून घेतले, म्हणजे पूर्ण यंत्र कसले हे एकालाही कळू नये. आत काम करायला घरचीच माणसे ठेवली, त्यात त्याचे मेहुणे होते. पेटंट घेतलेच नाही. तीन दशकांहून अधिक काळ गुपित टिकले आणि त्या कमाईवर पोलादाचे प्रयोग झाले. त्याच माणसाने १८५६ साली पोलादाच्या पद्धतीचे मात्र पेटंट घेतले. का? पूड हातात घेऊन ती कशी झाली हे कोणाला सांगता येत नव्हते. पोलादाची भट्टी मात्र दुसऱ्यांच्या कारखान्यांत उभी राहणार होती, परवाने विकायचे होते, झाकणार काय? आपली वस्तूच आपली युक्ती बोलून दाखवते का, हा प्रश्न प्रत्येक मालकाने करारांच्या मसुद्याआधी स्वतःला विचारावा.

वाजवी काळजी म्हणजे तरी किती? यावर अमेरिकेतला एक खटला मला फार आवडतो. १९६९ साली टेक्सासमध्ये ड्यूपाँट कंपनीचा मिथेनॉलचा कारखाना उभा राहत होता. छप्पर अजून पडायचे होते. एक विमान वर घिरट्या घालून फोटो काढून गेले. फोटोग्राफरांना ते काम कोणी दिले, हे सांगायला ते तयार नव्हते. त्यांचे म्हणणे, आम्ही कोणाच्या हद्दीत शिरलो नाही, आकाश सगळ्यांचे आहे. १९७०च्या निकालात कोर्टाने ते मानले नाही. अर्धवट बांधकामावर केवळ हेरांच्या भीतीने छप्पर घालत बसा, असे कंपनीला सांगता येणार नाही, हा त्या निकालाचा आशय. थोडक्यात, किल्ला बांधायची अपेक्षा कोणी करत नाही. पण ड्यूपाँटचे छप्पर अजून बाकी होते. आमचे छप्पर पक्के होते, आणि आतल्या भिंतीवर सगळे लिहिलेले होते.

त्या प्रकरणानंतर आम्ही जे केले त्याला बैल गेला आणि झोपा केला म्हणा हवे तर, पण खर्च जवळपास शून्य होता. भिंतीवरचे कागद उतरवले. टाकीजवळ फक्त त्या टाकीचे आकडे ठेवले, तेही रसायनांच्या नावांऐवजी अ, ब, क असे. पूर्ण साखळी दोनच माणसांकडे. लाल वही कपाटात गेली आणि ती बघायची तर तारीख घालून सही करायची असा नियम झाला. पाहुण्यांसाठी जमिनीवर पिवळा पट्टा मारला. त्याच्या आतून चालायचे, मोबाइल गेटवर. ‘गोपनीय’ हा शिक्का मात्र ऊठसूट मारायचा नाही, हे मी हट्टाने ठरवून घेतले. डब्यांच्या ऑर्डरपासून सुट्टीच्या अर्जापर्यंत सगळ्यावर तो शिक्का दिसू लागला की तो कोणी वाचत नाही.

एक सावधगिरी मात्र त्यातही बाळगावी लागली. अ, ब, क लिहिले तरी टाकीत हात घालणाऱ्याला ते ॲसिड आहे की अल्कली आणि अंगावर उडाले तर काय करायचे, हे कळलेच पाहिजे. त्यासाठी सुरक्षेची पाटी वेगळी लावली. गुपिताच्या नावाखाली धोका झाकणारे मालकही मी पाहिले आहेत. त्यांच्या तोंडी हा शब्द आला की मला शिसारी येते. इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याने अडलेल्या बाळंतिणीला सोडवणारा चिमटा शंभर वर्षांहून अधिक काळ घराण्याबाहेर जाऊ दिला नाही. धंदा उत्तम चालला असणार. त्या शंभर वर्षांत चिमटा नसलेल्या सुइणींच्या हाती काय होते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

चोरी होतच नाही असे माझे म्हणणे नाही. २००६ साली कोका-कोलाची कागदपत्रे कंपनीतल्याच एका कर्मचारी बाईने साथीदारांकरवी पेप्सीला विकायचा प्रयत्न केला. पेप्सीने ती घेतली तर नाहीतच, उलट कोका-कोलाला कळवले. मग एफबीआयने सापळा लावला आणि ती मंडळी तुरुंगात गेली. कागद पिशवीत भरून नेणे ही चोरीच, त्यात वाद कसला?

माझा वाद आपल्या लेखातल्या एका वाक्याशी आहे. ‘कर्मचाऱ्याने कंपनीत शिकलेले सर्व काही कंपनीच्या मालकीचे असते, हे करारात स्पष्ट असावे.’ सर्व काही? युरोपीय संघाने २०१६ साली गुपितांच्या रक्षणासाठी जे निर्देश काढले, त्यांतच असे नमूद आहे की नेहमीच्या कामातून प्रामाणिकपणे मिळवलेला अनुभव आणि कौशल्य वापरण्यापासून कर्मचाऱ्याला रोखण्यासाठी या नियमांचा आधार घेता येणार नाही. वही कंपनीची. आकडे कंपनीचे. हाताला बसलेली सवय कोणाची, यावर आपल्या लेखकाने एखादा स्वतंत्र लेख लिहावा, अशी विनंती आहे.

कारण तो ऑपरेटर मला काही वर्षांनी भेटला. मी माफी मागितली, त्याने हसून सोडून दिली. मग राहवले नाही म्हणून विचारले, “खरं सांग, आपल्या भिंतीवरचे आकडे तू तिकडे दिलेस का?” तो म्हणाला, “साहेब, तो कागद मी कधी वाचलाच नाही. भाग ॲसिडात सोडला की आधी बुडबुडे एका कडेने सुटतात. मग सगळीकडून एकसारखे, बारीक यायला लागतात. तेव्हा उचलायचा. सेकंद तुम्ही मोजायचात.”

आपला,
एक निवृत्त प्लेटिंग सुपरवायझर