भिंती वाळेपर्यंत तरी तिकडेच राहा

आई, बाबा,

पाइप फुटून भिजलेल्या घराचा आणि तुम्ही ताईकडेच राहायचा विषय फोनवर काढला की बाबा "बरं बरं, बघू" म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोन्ही गाद्या, सोफा आणि आतल्या खोलीतलं प्लायचं कपाट मी काढून टाकलंय. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही उन्हात टाकू म्हणाला असतात. गादी वरून वाळते गं आई, आतून ओलीच राहते, आणि बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. पाइप फुटला तेव्हा घराला कुलूप होतं, त्यामुळे तेवढा वेळ केव्हाच उलटून गेला होता. नळाचं पाणी होतं म्हणून एवढ्यावर निभावलं, गटाराचं असतं तर अजून बरंच फेकावं लागलं असतं.

कपाटातलं सामान मात्र एकेक करून काढलंय. साड्या धुऊन वाळवल्या. अल्बममधले फोटो चिकटले होते ते ओढले नाहीत, स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवले आणि चेहरे वर करून वाळत घातलेत. आजीचा तो फोटो वाचलाय, रडू नकोस. बाबांची खुर्ची पण आहे, ती भरीव लाकडाची, वाळेल.

बाबा, पेंटरला फोन करू नका, मी त्याला नाही सांगून टाकलंय. भिंत हाताला कोरडी लागते पण ओल प्लास्टरच्या आत असते, वरून रंग मारला तर ती आतच कोंडणार आणि पुन्हा पोपडे सुटणार, मागच्या वेळचं आठवतंय ना? ओल मोजायचं मीटर आणलंय. जी भिंत भिजलीच नव्हती तिच्याइतका आकडा यायला हवा, तोवर पुट्टी पण नाही. वायरिंग तपासून घेतल्यावरच मेन स्विच चालू केला, आता हवेतला दमटपणा ओढणारं मशीन, डीह्युमिडिफायर, आणि पंखे चालू आहेत. काकू म्हणते खिडक्या सताड उघड, पण बाहेरची हवाच जास्त दमट असली तर उलट ओल आत येते, म्हणून मशीन चालू असताना बंद ठेवते. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमलं तर ५० च्या आसपास ठेवायचीय.

कपाट होतं तिथल्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. तिकडे पंखा लावला नाही, बुरशीचे कण घरभर उडतात, आणि दमा बघता बाबा तिथे नकोतच. तुम्हाला घराबाहेर काढलं असं वाटतंय मला माहितीये, पण ताईकडे खोली उजेडाची आहे, बाथरूमला धरायला दांडा आहे, बाबांची उशी आणि रेडिओ पाठवलाय. लहानपणी मी भिजून आले की डोकं कोरडं झाल्याशिवाय तू मला झोपू द्यायची नाहीस, आई. आता माझं ऐका थोडं.

बाबा, दम्याचा पंप रोज जवळ ठेवा. गुपचूप येऊन ब्लीचने भिंती पुसू नका, प्लास्टरच्या आतपर्यंत ते जात नाही, आणि दुसऱ्या क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी वायू होऊ शकतो. खरवडायचं काम माणसं एन-९५ मास्क लावून, आधी ओलं करून करतील. आणि बाबा, घराची चावी ताईकडे द्या, शर्टाच्या खिशातली दुसरी पण.

तुमची,
धाकटी