लिस्बनच्या भिंती वाचायला शिकवणाऱ्या काकांचे आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

कोइंब्रा विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एका शनिवार-रविवारी लिस्बन पाहायला यायचे मी ठरवले, तेव्हा बेलेंचा बुरूज, वास्को द गामाची कबर आणि चढउतारांवरून धावणारी जुनी ट्राम एवढेच माझ्या डोळ्यांसमोर होते. मडगावात लहानपणी मराठी शिकलेल्या आणि पुढे सारी नोकरी लिस्बनच्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत घालवलेल्या आपली ओळख एका मैत्रिणीने करून दिली आणि आपण ते दोन्ही दिवस माझ्यासाठी मोकळे ठेवलेत. मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याची आहे हे कळताच "मग बुरूज नंतर, आधी भूकंपाचे गाव पाहू," असे आपण म्हणालात. त्याबद्दल आपले आभार चार लोकांसमोर मानावेत, म्हणून हे खुले पत्र.

कार्मोच्या मठात, छप्पर नसलेल्या कमानींखाली उभे राहून आपण १ नोव्हेंबर १७५५ ची सकाळ सांगितलीत. सर्व संतांच्या सणामुळे चर्च माणसांनी भरलेली होती. साडेनऊच्या सुमारास जमीन हादरली. वाचलेले अनेक जण मोकळी जागा म्हणून तेजू (टॅगस) नदीच्या काठाकडे धावले, तिथे काही वेळाने समुद्राच्या लाटा चढून आल्या आणि उरलेले शहर पुढे कित्येक दिवस आगीत जळत राहिले. हे ऐकताना मला किल्लारीच आठवत होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून थकून झोपलेल्या माणसांवर त्यांच्याच घरांच्या भिंती कोसळल्या. माझा जन्म त्यानंतरचा असला, तरी आमच्या घरात त्या पहाटेचा विषय आजही निघतो. माझ्या चेहऱ्याकडे पाहून आपण बोलणे थांबवलेत आणि मला माझ्या गावाविषयी बोलू दिलेत, हे मी विसरणार नाही.

त्यानंतर आपण मला बायशा भागात, रुआ दुश कुर्रेइरुशवरील एका बँकेच्या इमारतीखाली नेलेत. मासे खारवण्याच्या रोमन टाक्यांशेजारी, भूकंपानंतर भुसभुशीत जमिनीत ठोकलेले पाइन लाकडाचे खांब तिथे पाहायला मिळतात. या पायांवर उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींत 'गायोला' म्हणजे लाकडी सांगाडा कसा बसवला, हे आपण माझ्या वहीत रेखाटून दाखवलेत. उभे खांब, आडवे वासे आणि प्रत्येक चौकटीत फुलीसारखे दोन तिरके दांडे. मधल्या जागेत दगड-विटा. धक्का बसला की दगडकाम तडकेल, पण तिरक्या दांड्यांमुळे चौकट वाकडी होऊन पडणार नाही, ही त्यामागची योजना.

आमच्याकडील माळवदाच्या घरांतही लाकडी खांब होते. खणांवर घर मोजण्याची पद्धतच होती. मग ती माणसे का वाचली नाहीत, हा माझा प्रश्न आपण टाळला नाहीत. माळवदावर मातीचा जड थर होता, दोन पदरी दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड नव्हते, त्यामुळे पदर सुटून भिंत ढासळली आणि खांबांना तिरका आधार नव्हता, असे एकेक कारण आपण वहीत शेजारी-शेजारी मांडलेत. वर्गात वाचलेले हेच मुद्दे मला त्या पानावर प्रथमच नीट समजले.

प्रासा दु कोमेर्सियु चौकातील राजाच्या पुतळ्यापेक्षा मला मानुएल द माइया अधिक थोर वाटले, हे आपल्याला आवडले होते. सत्तरी ओलांडलेल्या या लष्करी अभियंत्याने उद्ध्वस्त शहराच्या पुनर्बांधणीचे वेगवेगळे पर्याय गुणदोषांसह लिहून काढले होते. धक्के किती वेळ बसले, समुद्र आधी ओसरला की चढला, असे प्रश्न राजाचा मंत्री पोंबाल याने गावोगावच्या धर्मगुरूंना विचारले, हे आपण आदराने सांगितलेत. त्याने विरोधकांना किती क्रूरपणे चिरडले, हेही लपवले नाहीत. मात्र दुकानांसाठी तळमजल्याच्या भिंती काढलेल्या, नळ नेण्यासाठी तिरके दांडे कापलेल्या आणि वर मजले चढवलेल्या इमारती दाखवताना आपला आवाज चढला होता. ज्यांनी ते दांडे बसवले, त्यांच्या कष्टांची आठवण पुसली जात आहे, ही आपली व्यथा आता माझीही झाली आहे.

काकूंनी रविवारी करून वाढलेल्या माशांच्या हुमणासाठी त्यांचेही मनापासून आभार.

सुट्टीत गावी गेल्यावर औसा परिसरात उरलेली माळवदाची घरे मोजून त्यांचे आराखडे काढण्याचे मी ठरवले आहे आणि माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंधासाठी हा विषय मान्य केला आहे. पहिले आराखडे तयार होताच आपल्याकडे पाठवीन. आपण वहीत वापरली होती त्याच लाल पेन्सिलीने ते निःसंकोच तपासावेत, ही विनंती.

आपली नम्र,
औसा तालुक्यातील एक विद्यार्थिनी