कुलपाबद्दल थोडं, बातमीबद्दल जास्त

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

तिकिटं आली, आता तुम्ही कधी पोचताय असं झालंय. बाबा, तुम्ही इकडे असताना बंद घराला लावायला आणलेलं ते नवं कुलूप व्हिडिओ कॉलवर इतक्या कौतुकाने दाखवत होतात, की मध्ये बोलवेना. शिवाय फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

कुलूप उत्तमच आहे. पण ते पुढच्या दाराला बाहेरून लटकलं, की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला कळणार, आत कोणी नाही. घरफोडी करणाऱ्याला सगळ्यात आधी हीच बातमी हवी असते. दार कसं उघडायचं ते तो नंतर बघतो. तेव्हा पुढच्या दाराला दारातच बसवलेलं कुलूप असू दे. ते आतून लावलंय की बाहेरून, हे रस्त्यावरून ओळखता येत नाही. आई, तू नुसतं दार ओढून घेतेस आणि लॅच लागलं म्हणून निघतेस, ते यावेळी नको. लॅचची जीभ स्प्रिंगवर असते, फटीतून पातळ प्लास्टिकची पट्टी घातली तरी मागे सरकू शकते. किल्ली फिरवून दांडा चौकटीत पक्का बसला पाहिजे.

नवं कुलूप गच्चीच्या दाराला आतून लावा, तिथे ते शोभेल. आणि जिथे जिथे कडी-कोयंडा आहे तिथे एकदा वाकून बघा. स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही जाड असो, कोणी त्याच्या वाटेला जाणारच नाही, सरळ स्क्रू काढेल. सुताराकडून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने नट आवळून घ्या. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्याही अलगद निघतात, तिथे गज हवेत. मागची शिडी घरात घ्या. आपलीच शिडी लावून कोणी वर चढलं तर काय म्हणायचं!

आता बातमीकडे. बाबा, प्रवासाची तारीख तुम्ही किती ग्रुपवर टाकलीत हे मी विचारत नाही, पण इथले फोटो परत गेल्यावर टाका. विमानतळावरचा सेल्फी तर मुळीच नको. किल्ल्यांचा फोटोही कोणाला पाठवू नका. तुम्ही हसाल, पण 2008 साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञांनी सुमारे 60 मीटरवरून दुर्बिणीच्या भिंगातून काढलेल्या फोटोवरून चालणारी किल्ली बनवून दाखवली होती. चोर एवढा खटाटोप करत बसत नाहीत हे खरं, पण मग आपणच नमुना कशाला द्यायचा?

व्हरांड्यातला दिवा रात्रंदिवस जळत ठेवायची तुमची पद्धतही बंद. भर दुपारी पेटलेला दिवा घर रिकामं असल्याचंच सांगतो. त्याऐवजी टायमर आणा. संध्याकाळी बैठकीतला दिवा लागावा, तो विझल्यावर थोड्या वेळाने झोपायच्या खोलीतला, आणि वेळ रोज थोडी मागेपुढे व्हावी. पडदे सगळे गच्च ओढू नका. पेपर बंद करायला सांगा आणि कुठलंही पार्सल त्या काळात मागवू नका.

पण दारात साचलेली पत्रकं टायमर उचलत नाही. त्याला माणूसच लागतो, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा शेजारच्या काकूंवर आहे. एक किल्ली त्यांच्याकडे द्या. कुंडीखाली, मीटरच्या पेटीत वगैरे अजिबात नको. त्या जागा सगळ्यांनाच माहीत असतात. काकूंना म्हणावं, ठरलेली वेळ न ठेवता अधूनमधून आत डोकावून जा, दोन कपडे आमच्या दोरीवर वाळत टाका. इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या मॉलिंग्टन नावाच्या खेड्यात 1982 साली शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवायची रीतसर योजना सुरू केली आणि ती पुढे देशभर पसरली. काकू ते काम कोणी न सांगता कितीतरी वर्षं करताहेत. बाबा, तुम्ही त्याला चौकशा म्हणता.

कॅमेरा हवा तर बसवा, माझी हरकत नाही. पण वीज किंवा इंटरनेट गेलं की तो आंधळा, आणि चालू असला तरी तो फक्त बघतो, धावून जात नाही. फोनवर सूचना आली तर जाऊन बघणार कोण, हे आधी ठरवा.

आई, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. कपाटातल्या साड्यांखाली नाही! उरलेल्या महागाच्या वस्तूंचे फोटो आणि त्यांच्यावरचे अनुक्रमांक मला पाठवून ठेवा. तक्रार द्यायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतात. घराच्या विम्याचे कागदही बाहेर काढा. घर सलग ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिलं तर चोरीची भरपाई मिळत नाही, असं कलम पुष्कळ पॉलिसींत असतं. तुम्ही चांगले दोन महिने येताय, म्हणून ते कलम वाचून आधीच कंपनीला लेखी कळवा. पोलीस ठाण्यातही जाण्याच्या तारखा आणि काकूंचा नंबर देऊन या.

काकूंना एक गोष्ट मात्र बजावून सांगा. कधी दार उघडं किंवा कुलूप तुटलेलं दिसलं, तर आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. आधी स्वतःच्या घरी परत जायचं, मग पोलिसांना फोन.

विम्याच्या कागदांचे फोटो रविवारपर्यंत पाठवा, मीही वाचते. आणि बाबा, सुताराला आधी सांगा, तो सांगितल्या दिवशी कधीच येत नाही.

तुमची,
धाकटी