कालवा बोगद्यात जाऊ द्या, काठ मात्र सायकलींना ठेवा

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पुण्यातल्या मुठा उजव्या कालव्याचा काठ

महोदय, स.न.वि.वि.

रविवारी उजाडताना मी वडगावकडून सायकल काढतो आणि जमेल तिथपर्यंत कालव्याच्या काठाने पर्वतीच्या पायथ्याशी येतो. आवर्तन सुटलेलं असलं की पाणी शेजारून चालत असतं, कधी माझ्यापुढे, कधी मागे. चढ म्हणाल तर नाहीच. पाणी आपल्या उताराने हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरपर्यंत जावं म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांनी हा कालवा टेकडीच्या कडेकडेने आखला. त्यांच्या त्या हिशोबाचा फायदा आज माझ्या गुडघ्यांना होतो.

या काठाने गेलं की बागाही लागतात. पु. ल. देशपांडे उद्यान हाकेच्या अंतरावर, स्वारगेटला आलं की सारसबाग जवळ, आणि पुढे एम्प्रेस गार्डन. म्हणजे लहान मुलाला सायकलवरून बागेत न्यायचं तर मोठा रस्ता एक-दोनदाच ओलांडावा लागेल, असा मार्ग शहराला आयता मिळालेला आहे. पण तो सलग नाही. कुठे राडारोडा, कुठे फुटक्या बाटल्या (गेल्या पावसाळ्यात माझी दोन पंक्चर), तर कुठे कुंपण. एका ठिकाणी दुचाक्या घुसू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले होते. त्यातला एक कुणीतरी उपटून नेला. आता तिथून दुचाक्या सुसाट जातात, आणि मी मातीच्या ढिगावरून सायकल खांद्यावर घेऊन उतरतो.

आपल्या खात्याची भीती मला कळते. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीतल्या लोकांचे संसार वाहून गेले. तेव्हा दोष उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर गेला होता. सायकलवाल्यांचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही, आणि पंधरा किलोच्या सायकलीने भराव खचेल असं आपले अभियंतेही म्हणणार नाहीत. उलट रोज माणसं ये-जा करत असली तर गळती लवकर नजरेस येईल.

आता कालव्याचं पाणी जमिनीखालून नेणाऱ्या खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याला मंजुरी मिळाली आहे. गळती आणि बाष्पीभवन थांबून वाचलेलं पाणी खालच्या शेतकऱ्यांना मिळणार असेल तर माझी तक्रार नाही. पाणी त्यांचंही आहे. माझा प्रश्न वर रिकाम्या होणाऱ्या कालव्याच्या जागेचा आहे. डाव्या कालव्याचं काय झालं ते कर्वेनगरला जाऊन पाहावं. पाणी गेलं, 'कॅनॉल रोड' हे नाव राहिलं, आणि दोन्ही कडांना मोटारी उभ्या. उजव्या कालव्याचंही तेच होईल. रस्ता केला की वर्षभरात तो भरतो, मग त्यावर पूल लागतो.

म्हणून बोगद्याच्या कामाबरोबरच ही पट्टी पायी चालणारे आणि सायकली यांच्यासाठी राखीव असल्याचा लेखी निर्णय व्हावा. महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केलेला आहे, त्याला ती जोडता येईल. एक मात्र सांगतो : सुशोभीकरणाच्या नावाखाली काठावरच्या वस्त्यांना हुसकावू नका. सकाळी गोधड्या धुऊन कठड्यावर वाळत घालणाऱ्या बायका माझ्याआधीपासून तिथे आहेत. मी घंटी वाजवली की त्या गोधडीचं टोक उचलतात, मी वाकून खालून जातो. आमचं व्यवस्थित चाललंय.

बोगदा व्हायला वर्षं लागतील. तोवर तो उपटलेला खांब तेवढा बसवून द्या. सायकलचं हँडल जाईल इतकी फट ठेवा; मोजून हवी असेल तर मी टेप घेऊन येतो.

आपला,
पर्वतीकडचा एक सायकलवाला