वंशावळ काढायची म्हणतोस, तर

दादर, मुंबई

प्रिय सुन्या,

वंशावळ काढायची म्हणतोस आणि पहिलाच प्रश्न विचारतोस, ‘आमचं घराणं मूळ कुठल्या सरदाराचं?’ तिथून सुरुवात केलीस तर फसलास. स्वतःपासून वर चढ, एका वेळी एक पायरी. प्रत्येक पायरीला कागद हवा, नाहीतर दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलेलं जुळायला हवं. तेही नसेल तर नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाक.

गणपतीला गावी जाशीलच. आरतीच्या गर्दीत विचारू नकोस, तिथे सगळे एकमेकांची री ओढतात. आत्या, चुलत आजी यांना एकेकटीला गाठ आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव. ‘आजोबांना भाऊ किती?’ यापेक्षा ‘दहा दिवसांचं सुतक कोणाकोणाचं धरता?’ असं विचार. नातं कसं ते सांगता येत नाही, पण सुतक धरायची घरं म्हाताऱ्यांना पाठ असतात. आप्पा, नाना, भाई यांची खरी नावं तिथल्या तिथे लिहून घे. प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आणि गाव तर सगळ्यांत आधी, कारण पुढे कागदांत ते जवळजवळ मिळतच नाही.

मुंबईतले कागद थोडेच: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, आजोबांचा गिरणीचा पास, मृत्यूचा दाखला. दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार सगळ्यांना आधी सुचतं. पण तिथली दप्तरं खात्यांप्रमाणे लावलेली आहेत, आडनावांप्रमाणे नाहीत. इतक्यात नको.

खरी खाण म्हणजे जुना, हाताने लिहिलेला सातबारा. त्यावर काही नावांना कंस केलेला दिसेल. ती कमी केलेली नावं, बहुतेक वारलेल्यांची किंवा जमीन विकलेल्यांची. नावाशेजारी गोलात आकडा असतो, तो फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल नोंदवलेल्या नोंदीचा, नंबर. तोच फेरफार काढ. वारसाचा असेल तर कोण कधी मयत आणि मागे कोण कोण, हे एका परिच्छेदात मिळतं. त्यातल्या मयताचं नाव धरून आणखी जुना फेरफार शोधायचा. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज कर. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुकही तिथेच विचार.

वाचताना घोटाळे होतात ते असे. जुन्या नोंदींत बऱ्याचदा आडनाव नसतंच. ‘म्हादू बिन राणू’ म्हणजे राणूचा मुलगा म्हादू आणि ‘सखू कोम म्हादू’ म्हणजे म्हादूची बायको. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे दोन चुलत भावांची नावं हुबेहूब एकच निघतात. तिथे बापाच्या आणि बायकोच्या नावावरून माणूस ओळखायचा. ‘ए. कु. मॅ.’ दिसलं तर थांब. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बाकीचे भाऊ त्याच्या नावामागे झाकलेले. नवशिके इथे आख्खी शाखा गमावतात. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक लहान होता, तेव्हा बाप लवकर गेला असावा. अशा घरात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या आसपासच्या मृत्यूच्या नोंदी जरूर बघ.

शके असेल तर ७८ मिळव, पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या दिवसांना ७९. शके १८४० चा माघ म्हणजे १९१९. मोडीतलं पान जाणकाराला दाखवताना एका ओळीचा नव्हे, आख्ख्या पानाचा फोटो काढ. गाव आणि साल वर डोक्यावर असतं.

शेवटी नाशिक-त्र्यंबकची उपाध्यायांची वही, म्हणजे तीर्थाला येणाऱ्या घराण्यांची नावं तिथले उपाध्याय लिहून ठेवतात ती. गाव आणि आडनाव सांगून आपले उपाध्याय कोण ते आधी शोध, दक्षिणा आधी ठरव, आणि पितृपक्षात जाऊ नकोस, त्यांना मान वर करायला फुरसत नसते. तीर्थाला येणाऱ्याने वहीत भाऊ, मुलगे, पुतणे अशी नावं घातलेली असतात, म्हणून सातबाऱ्याने लपवलेले भाऊ इथे सापडू शकतात. मात्र जाताना गावात जमवलेल्या नावांची यादी जवळ हवी, नाहीतर समोर आलेला कुठलाही राणू तू आपलाच मानशील.

गावाहून सातबाऱ्याचे फोटो पाठव, गोलातले आकडे नीट दिसतील असे. काकूंना नमस्कार.

तुझा,
विज्या