जहाजावरून, लेकीस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

निघायच्या आधी तू विचारलं होतंस, ‘आई, एवढंसं जहाज, समुद्रात काही झालं तर?’ तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. आता थोडं कळलंय, म्हणून सविस्तर लिहिते. ‘मी मजेत आहे’ एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

जहाज खरंच लहान आहे. सगळे प्रवासी एकाच जेवणघरात एकाच वेळी मावतात आणि दुसऱ्याच दिवशी खलाशी नावानं हाक मारू लागतात. वेग साधारण दहा नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. किनारा बहुतेक वेळ दिसत राहतो. दारांचे उंबरठे चांगले उंच आहेत, लाट आत येऊ नये म्हणून. पाय उचलून टाकायची सवय लागते. दाराच्या चौकटीवर मात्र बोटं ठेवायची नाहीत, हे पहिल्याच तासात बजावलं गेलं. जहाज कललं की जड दार आपोआप मिटतं.

सामान लावायच्या आतच भोंगा झाला. सात आखूड आणि शेवटी एक लांब. हा इशारा जगातल्या सगळ्या प्रवासी जहाजांवर सारखाच असतो. तो ऐकला की लाइफ जॅकेट घेऊन ठरलेल्या जागी जमायचं. काहीजण हसत, फोटो काढत आले. मला ते आवडलं नाही. जॅकेटचा पट्टा सैल राहिला तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खालीच राहतो, हे एका तरुण खलाशानं स्वतः बांधून दाखवलं. मग प्रत्येकाचा पट्टा त्यानं हातानं ओढून पाहिला, माझाही. कोणी पाण्यात पडलं तर काय करायचं, तेही सांगितलं. ओरडायचं, जवळचं तरंगतं कडं फेकायचं आणि त्या माणसाकडे सतत बोट दाखवत राहायचं. एका माणसानं फक्त तेवढंच काम करायचं. लाटांमध्ये डोकं एकदा नजरेआड झालं की पुन्हा सापडणं फार कठीण असतं.

ही शिस्त फार मोठी किंमत देऊन आलेली आहे गं. १९१२ साली टायटॅनिकवर सुमारे २,२०० माणसं होती आणि जीव वाचवायच्या सगळ्या होड्या मिळून जागा होती १,१७८ जणांची. तेव्हाच्या नियमांत ते बसतही होतं. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली समुद्रातल्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज चालतो तो ‘सोलास’ करार १९७४ चा. तरीही २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकावर आदळून कलंडलं आणि ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा असा सुरक्षेचा सराव तोवर झालाच नव्हता, कारण तो चोवीस तासांत केला तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ती सवलत गेली. आता सराव निघण्याआधी किंवा निघताच घ्यावा लागतो. त्यामुळे पट्टा ओढून पाहणाऱ्या त्या मुलाचा मला मनापासून आदर वाटला.

आमची कॅप्टन बाई आहे, वयानं तुझ्याहून थोडी मोठी असेल. बंदरात शिरताना आणि निघताना सोडून एरवी तिनं ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, प्रवाशांना खुला ठेवलाय. मी रोज जाऊन मागच्या बाजूला गप्प उभी राहते. रात्री तिथे जवळजवळ काळोख असतो. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास तरी लागतो आणि एका पांढऱ्या दिव्यानं ते सगळं क्षणात वाया जातं. म्हणून पुढच्या अंगाच्या खोल्यांना संध्याकाळीच पडदे ओढून घ्यायला सांगतात. समोरून येणाऱ्या जहाजाचे दिवे कसे वाचायचे, हेही मी शिकले. त्याच्या डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा. दोन्ही एकदम दिसले तर ते थेट आपल्याच रोखानं येतंय. हे तुझ्या धाकट्याला नक्की सांग, त्याला आवडेल.

एका पहाटे धुकं उतरलं. रेलिंगच्या पलीकडचं पाणीसुद्धा दिसेना. वेग कमी झाला आणि दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा वाजू लागला. रडार चालू होतं, तरी एक खलाशी पुढच्या टोकाला उभा राहून नुसतं ऐकत होता. टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत पहारा डोळ्यांनी आणि कानांनीही ठेवायचा असं लिहिलंय. मी खोलीत जाऊन पुन्हा झोपले आणि मला गाढ झोप लागली. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या पहाटे मिळालं. समुद्रात काहीही होऊ शकतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि त्याची काळजी करणं हे इथे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम आहे.

एकदा बेत रद्दही झाला. एका खाडीत शिरून रबरी होड्यांनी किनाऱ्यावर उतरायचं ठरलं होतं. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता, पण दूर कुठेतरी झालेल्या वादळाच्या लांब लाटा येत होत्या. खोल पाण्यात त्या फारशा जाणवत नाहीत. उथळात आल्या की उंचावतात आणि फुटतात. जहाजाच्या कुशीला लावलेली रिकामी होडी पायरीच्या वर उसळत होती, लगेच खाली जात होती. कॅप्टन बराच वेळ बघत राहिली आणि ‘नाही’ म्हणाली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा आहे, त्यावरून जहाज भरतीलाच जातं. ती भरती हुकली की पुढची जवळपास साडेबारा तासांनी, तीही रात्री. म्हणजे तो थांबा गेलाच. काहीजण चिडले, पैसे भरल्याचं बोलून दाखवलं. तिनं शांतपणे कारण सांगितलं आणि निर्णय बदलला नाही. मी मुद्दाम जाऊन तिचे आभार मानले.

दुसऱ्या ठिकाणी उतरलो तेव्हा होडीत चढताना खलाशाचा पंजा धरू देत नाहीत. त्यानं आपलं मनगट धरायचं, आपण त्याचं. ओला हात निसटला तरी पकड सुटत नाही. जाताना आपल्या नंबराचा बिल्ला फलकावर उलटवायचा, परतल्यावर सुलटा करायचा. एक जरी बिल्ला उलटा असेल तरी नांगर उचलत नाहीत.

तुला गाडी लागते, म्हणून हेही लिहिते. कधी असा प्रवास केलास तर जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची खोली माग. हेलकावा तिथे सगळ्यात कमी असतो. आतल्या कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, या विसंगतीतून बोट लागते. म्हणून उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघायचं, मोबाइल बाजूला ठेवायचा. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत जुळवून घेतं. मला पहिल्या रात्री जरा जड गेलं, आता भूक चांगली लागते.

उद्यापासून पुढच्या बंदरापर्यंत नेटवर्क नसेल. फोन लागला नाही तर घाबरू नकोस. तसंच काही असेल तर जहाजाचा उपग्रह फोन आहे, तो नंबर मी तुला वेगळा पाठवलाय. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेय, रात्री डेकवर एकटी जात नाही. तुझी परीक्षा कशी झाली ते सविस्तर लिहून ठेव, बंदरात पोचल्यावर आधी तेच वाचेन.

तुझी,
आई