पाच आकडा पाहून घर हादरलं

वडिलांच्या यकृताच्या एमआरआय रिपोर्टवर 'एलआर-५' (यकृतातल्या गाठींच्या वर्गवारीतला आकडा) पाहिलं आणि घरी रडारड सुरू झाली. पाच म्हणजे शेवटची पायरी, असंच सगळे धरून चालले. खरं तर हा आकडा एवढंच सांगतो की, सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णातली ही गाठ यकृताच्या पेशींच्या कॅन्सरचीच आहे. त्यामुळे अनेकदा बायोप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा तुकडा काढून न तपासता, उपचार ठरवता येतात. कॅन्सर किती पसरला ती स्टेज, पेशी किती बिघडल्या ती ग्रेड; हे दोन्ही हा आकडा सांगत नाही. ग्रेडचा अंदाजही एमआरआयवरून बांधता येतो: पेशींची दाटी झाली की पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते आणि ही हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजन चित्रात गाठ पांढरी चमकते. अडथळा जितका जास्त, तितकी ग्रेड वाईट असण्याची शक्यता अधिक. पण हा अंदाजच. पक्की ग्रेड सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, तेही ओळखीच्या नर्सताईंनी पाठकोऱ्या कागदावर यकृत काढून दाखवलं म्हणून. तोवर वडिलांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. तपासणी केंद्रांनी रिपोर्टसोबत मराठीत चार ओळींचा खुलासा जोडावा, ही कळकळीची विनंती.

– एका रुग्णाची मुलगी, सातारा